पांढरा मोर हायब्रीड नसतो, आणि हायब्रीड मोर नुसत्या रंगावरून कळत नाही



दर पावसाळ्यात या पेजवर मोरांचे फोटो येतात. आपल्या शिवारातले थोडे, बाहेरून फिरत फिरत आलेले जास्त. पांढराशुभ्र मोर, ठिपक्याठिपक्याचा मोर, काळ्या पंखांचा मोर, दुधाच्या चहासारख्या रंगाचा मोर. खाली प्रश्न ठरलेला : "दादा, ही कुठली जात?" आणि मी बघायच्या आत पाच-सहा जणांनी लिहिलेलं असतं, "हायब्रीड आहे." त्यात एखादा कृषी पदवीधर पण असतो. म्हणून आज जरा लांबण लावतो.

आपण 'हायब्रीड' हा शब्द फार स्वस्त करून ठेवलाय. टोमॅटो मोठा दिसला, हायब्रीड. कोंबडी लवकर वाढली, हायब्रीड. पोरगं उंच निघालं तरी म्हातारी म्हणते हायब्रीड हाय. हसण्यावारी न्यायला हरकत नाही, पण मोराच्या बाबतीत या एका शब्दावर आता पैसे मागितले जातायत आणि शेतकऱ्याच्या पोरांना गोत्यात आणलं जातंय. ते पुढे सांगतो. आधी रंग म्हणजे काय आणि संकर म्हणजे काय, ते मोकळं करू.

दावणीला कोसा खिलार आणि काजळी खिलार शेजारी बांधा. रंगात फरक आहे, पण काजळीला कुणी संकरित म्हणत नाही. दोन्ही खिलारच. आता जर्सीचा संकर आपण कशावरून ओळखतो? जाणता माणूस बाजारात आधी वशिंड बघतो, गळ्याखालची पोळी बघतो, तोंडाची ठेवण बघतो. रंग त्याच्या नंतर. जर्सीचं रक्त असलेली गाय रंगानं एखाद्या देशी गाईसारखी असू शकते, पण वशिंड खोटं बोलत नाही. मोराला हीच नजर लावायची. अंगाची ठेवण आधी, रंग मागून.

मोरांच्या ज्या दोन जातींचा इथं संबंध येतो त्या अशा. एक आपला, निळ्या मानेचा, भारत-श्रीलंकेकडचा. शास्त्रीय नाव पावो क्रिस्टाटस. दुसरा हिरवा मोर, पावो म्युटिकस, म्यानमार, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम आणि जावा बेटावरचा. आफ्रिकेत काँगोच्या जंगलात तिसरा आहे, पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही, सोडून द्या. संकर म्हणायचं तर निळा आणि हिरवा यांचं मिश्र पिल्लू. बाकी पांढरा, बांडा, काळ्या पंखांचा, चहाच्या रंगाचा, हे सगळे निळ्या मोराचेच रंग. जात एकच.

पांढऱ्या मोरापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचेच. तो हायब्रीड नाही, आणि बहुतेक वेळा अल्बिनोही नाही. अल्बिनो जनावराचे डोळे गुलाबी दिसतात. पांढऱ्या मोराचे डोळे बघा, गडद असतात. याला ल्युसिस्टिक म्हणतात. पिसांपर्यंत रंगकण पोचलेच नाहीत, डोळ्यात मात्र आहेत. पांढऱ्या पिसाऱ्यात सुद्धा नीट पाहिलं तर डोळ्यांच्या खुणा पुसट दिसतात. पिसाची वीण तीच आहे, रंग तेवढा नाही.

इथं एक गंमत सांगतो. मोराच्या पिसात निळा रंग नसतोच. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये हे नीट मांडलं. पिसात मेलॅनिन हा काळपट-तपकिरी रंगकण असतो, त्याच्या बारीक काड्या ठरावीक अंतरावर रांगेत लागलेल्या असतात. त्या अंतरावरून कुठला उजेड परत येणार ते ठरतं. अंतर थोडं बदललं की निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळट. घरात मोरपीस असेल तर खिडकीशी धरा, उजेड मागून येऊ द्या. निळा जातो, तपकिरी दिसायला लागतं. म्हणजे मेलॅनिनच्या कामात एक लहानसा बिघाड झाला की अख्खा मोर बदलल्यासारखा दिसतो. आपल्याला वाटतं एवढा मोठा फरक म्हणजे जातच निराळी असणार. फरक असतो एखाद्या जनुकाचा.

पांढरा आणि निळा जोडा लावला तर पिल्लं राखी होत नाहीत. साधारण निळीच निघतात, कुठं पंखात एखादं-दोन पांढरी पिसं, कुठं गळ्याला पांढरा डाग. बांडा मोर, म्हणजे पांढऱ्या ठिगळांचा, हा याच खेळातला. परदेशातले पाळणारे सांगतात की बांड्या-बांड्याची जोडी लावली की सरासरीनं चारात एक पांढरं, दोन बांडी आणि एक जवळजवळ निळं येतं. ज्यानं कधी हायब्रीड बाजरीचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरून पाहिलंय त्याला हा हिशोब नवा नाही. ताटं एकसारखी येत नाहीत, लपलेलं बाहेर पडतं. आणि हो, तो फिरणारा फोटो, मधोमध रेघ मारल्यासारखा डावीकडं निळा आणि उजवीकडं पांढरा पिसारा, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बांड्याची ठिगळं वेडीवाकडी असतात, आखून दिल्यासारखी येत नाहीत. लालभडक आणि गुलाबी मोर तर सरळ संगणकावर रंगवलेले.

आता काळ्या पंखांचा. याच्यावर भले भले फसलेत. आपल्या रानातल्या नराचे पंख मिटलेले असताना खांद्यावर बदामी-काळे बारीक पट्टे दिसतात. काही मोरांत ते पट्टे नसतात, तिथं सरळ काळा, निळसर झाक असलेला पंख असतो. इंग्लंडात बागेत पाळलेल्या कळपांत असे मोर निघायचे. १८६० मध्ये फिलिप स्क्लेटर या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं त्याला वेगळी जात ठरवून टाकलं आणि पावो निग्रिपेनिस असं नाव दिलं. काळ्या पंखांचा म्हणून. हा माणूस ऐरागैरा नव्हता, लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीचा कितीतरी वर्षं सचिव होता. पुढे १८६८ मध्ये चार्ल्स डार्विननं पाळीव प्राणी-वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात याचा समाचार घेतला. त्यानं मोर पाळणाऱ्यांकडून माहिती गोळा केली. साध्या मोरांच्या कळपात, बाहेरून काही न आणता, काळ्या पंखांची पिल्लं अचानक निघाल्याची उदाहरणं त्याला मिळाली. म्हणून त्याचं मत पडलं की ही वेगळी जात नाही, साध्या मोरातच उमटलेला फरक आहे. आज तेच मानलं जातं.

मला यात आवडतं ते हे की उत्तर पिसं मोजून मिळालं नाही. कळपाचा इतिहास विचारला तेव्हा मिळालं. कुणाच्या पोटी कोण निघालं, ते बघितलं.

काळ्या पंखांचा गुण सुप्त आहे. दोन्हीकडून आला तरच दिसतो. म्हणजे दोन साध्या दिसणाऱ्या मोर-लांडोरीच्या घरट्यातून तो निघू शकतो. त्याची लांडोर तर आणखी घोळ घालते. आपली लांडोर मातकट तपकिरी, पोट पांढरं, मानेला हिरवी झाक. ही मात्र मळकट पांढरी, अंगावर काळपट शिंतोडे. तिला बघून लोक हमखास "पांढऱ्या मोराशी क्रॉस" म्हणतात. पिल्लंही पिवळट-फिकी निघतात, साधी पिल्लं बदामी-तपकिरी असतात.

चहाच्या रंगाच्या मोराला परदेशात कॅमिओ म्हणतात. हा लिंगाशी जोडलेला गुण आहे, हॅचरीवाल्यांना लगेच समजेल. पक्ष्यांत मादीकडं या गुणाची एकच प्रत असते, नराकडं दोन. कॅमिओ नर आणि निळी लांडोर जोडली तर झाडून सगळ्या मादी पिल्लांचा रंग कॅमिओ, नर सगळे दिसायला निळे. उलटी जोडी लावली, निळा नर आणि कॅमिओ लांडोर, तर सगळीच पिल्लं निळी दिसतात, पण नरांच्या पोटात कॅमिओ लपलेला. म्हणजे समोर उभा असलेला निळा मोर काय काय घेऊन हिंडतोय ते रंग बघून सांगता येत नाही. अमेरिकेत युनायटेड पीफाउल असोसिएशन म्हणून मोर पाळणाऱ्यांची संस्था आहे. ते रंगाची यादी वेगळी ठेवतात आणि नक्षीची वेगळी. ओपल, कॅमिओ, जांभळा हे रंग. काळा पंख, बांडा, पांढरे डोळे ही नक्षी. एकावर एक चढवत गेलं की प्रकारांची संख्या शेकड्यांत जाते. त्या प्रत्येकाला आपण जात म्हणत बसलो तर संपलंच.

आता खरा संकर. कॅलिफोर्नियात श्रीमती कीथ स्पॉल्डिंग यांच्या नावावरून निळ्या-हिरव्याच्या संकराला 'स्पॉल्डिंग' म्हणतात. हे मिश्र मोर वांझ नसतात, पुढं पिल्लं देतात. ओळखायचे कसे? डोक्यापासून सुरुवात करा. आपल्या मोराचा तुरा पंख्यासारखा पसरलेला, काड्या उघड्या आणि फक्त टोकाला पिसाची चकती. हिरव्याचा तुरा उंच, अरुंद, काड्यांना खालपासून पिसं आणि सगळी एकत्र मिटलेली. संकराचा तुरा या दोन्हीच्या मध्ये कुठंतरी, जरा उंच आणि जरा अर्धवट उघडलेला. मग तोंड बघा. आपल्याच्या डोळ्याच्या वर-खाली पांढरी कातडी. हिरव्याच्या तोंडावर निळसर कातडी आणि कानाशी पिवळा पट्टा. संकरात पिवळेपणा डोकावतो. मान : आपल्याची गुळगुळीत निळी, हिरव्याची खवल्याखवल्यांची हिरवी-सोनेरी. हिरव्याचे पायही लांब, उभा राहिला की उंच दिसतो. लांडोरीत तर फरक फार मोठा, कारण हिरव्याची मादी जवळजवळ नरासारखीच चमकदार असते, फक्त लांब पिसारा नाही. तपकिरी लांडोरीच्या जागी खवलेदार हिरवी मान दिसली तर मग हिरव्या रक्ताचा संशय घ्यायला जागा आहे.

एक सापळा लक्षात ठेवा. हिरव्या मोराच्या खांद्यावरही पट्टे नसतात, पंख गडदच असतो. म्हणून नुसता पंख बघून काळ्या पंखांच्या निळ्या मोराला लोक 'हिरव्याचा क्रॉस' ठरवतात. तुरा आणि तोंड बघितल्याशिवाय बोलू नये.

आणि हे पहिल्या पिढीपुरतं. पुढं संकराला परत परत हिरवा लावत गेले की चौथ्या-पाचव्या पिढीत पक्षी दिसायला पुरता हिरवा होतो. आपण एच.एफ.च्या गाई विकताना 'पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के' म्हणतो ना, तसंच तिकडं पण म्हणतात. पण तो टक्का म्हणजे वंशावळीचा हिशोब. डोळ्याला पंचाहत्तर दिसत नाही, साडेसत्त्याऐंशी दिसत नाही. नोंदवही नसेल तर जनुकीय तपासणी हा एकच मार्ग. याची किंमत हिरवा मोर मोजतोय. जंगलात तो संकटग्रस्त आहे, आणि पिंजऱ्यात हिरवा म्हणून पाळलेल्या कितीतरी पक्ष्यांत निळ्याचं रक्त मिसळलेलं. असे पक्षी रानात सोडायच्या कामाचे राहत नाहीत. पिढ्यान् पिढ्या हौस झाली, वही ठेवली नाही, त्याचं हे फळ.

आता आपल्या दारातली गोष्ट. आमच्या भागातला एक तरुण पोरगा कृषी पर्यटन काढायच्या विचारात आहे. त्याला फोनवर कुणीतरी सांगितलं, "पांढऱ्या मोराची पिल्लं देतो, हायब्रीड आहेत, जंगली नाहीत, यांना कायदा लागू नाही." जोडीचा भाव ऐकून मला घाम फुटला. पोरगा मला विचारायला आला म्हणून बरं.

हे सपशेल खोटं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत मोर आहे, आणि तिथं नाव रंगाचं नाही, जातीचं आहे : पावो क्रिस्टाटस. पांढरा मोर पावो क्रिस्टाटस, बांडा पावो क्रिस्टाटस, काळ्या पंखांचा पण पावो क्रिस्टाटस. रंग बदलला म्हणून अनुसूची बदलत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा शाबित झाला तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. अंडी उचलून कोंबडीखाली ठेवणं पण यातच आलं, ते "आमच्याच बांधावरची होती" म्हणून सुटत नाही. विकणारा फोन बंद करून मोकळा होतो. पिल्लं सापडतात आपल्या गोठ्यात.

आणि तो देतो ते मोराचंच पिल्लू असेल याची तरी काय खात्री? आठवड्याचं टर्कीचं पिल्लू आणि मोराचं पिल्लू नवख्यापुढं ठेवा, सांगता येणार नाही. 'पांढऱ्याची जोडी' म्हणून दिलेली पिल्लं मोठी होऊन काय निघतील ते वर्षानं कळणार. तक्रार कुठं करणार? घेणाराच गुन्हेगार.

मी त्या पोराला एवढंच म्हणालो की शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे, एकदा जाऊन ये. तिथं लोक पुण्याहून येतात ते चिंचेच्या झाडाखाली मोकळे फिरणारे साधे निळे मोर बघायला. पिंजऱ्यातला पांढरा मोर बघायला नाही.

माझा दुसरा आक्षेप कायद्याच्या पलीकडचा आहे. निळ्या मोराचं मूळ घर आपलं. जगभर बागांत फिरणारे निळे मोर इथूनच गेलेले. म्हणजे ज्वारीच्या भाषेत सांगायचं तर गावरान बियाणं अजून आपल्या ओढ्यात उभं आहे. उद्या कुणी हौसेनं आणलेला हिरव्या रक्ताचा मोर जाळीतून सुटला, तर तो रानातल्या लांडोरींत मिसळणार, पिल्लं होणार, आणि दोन-चार पिढ्यांनी ते कुणाला दिसणारही नाही. गावरान कपाशीचं काय झालं ते आपण पाहिलंय. एकदा मिसळलं की निवडून काढता येत नाही.

मला ठाऊक आहे, यावर काही जण म्हणतील, "मोर भुईमूग उकरतो, हरभऱ्याचे कोंब खुडतो, टोमॅटो फोडतो, आणि तुम्हाला त्याच्या वंशाची पडलीय." नुकसान खरं आहे, माझंही होतं. पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस राखण करावी लागते, त्याला इलाज नाही. पण त्या रागात कुणी विषारी दाणे टाकत असेल तर ते मला पटत नाही, आणि तो गुन्हाही याच कायद्यातला. नुकसानीचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन.

मग आपल्या रानात वेगळा दिसणारा मोर दिसला तर काय करायचं? आधी वय आणि ऋतू बघा. पावसाळा सरता सरता नराचा पिसारा गळतो. भाद्रपद-आश्विनात दिसणारा आखूड शेपटीचा निळ्या मानेचा पक्षी म्हणजे नवी जात नव्हे, पिसारा टाकलेला नर आहे. वर्षाचा नर लांडोरीसारखाच दिसतो. तो उडाला की पंखाची टोकं बघा, नराची विटकरी-तांबूस दिसतात, लांडोरीची तपकिरी. दोन वर्षांच्या नराला पिसारा असतो पण डोळे नसतात, पूर्ण पिसारा यायला तीन-चार वर्षं जातात. दरवर्षी मला येणाऱ्या 'विचित्र मोरां'तले निम्मे यातच निकाली निघतात.

एवढं तपासूनही पक्षी खरंच फिका किंवा बांडा असेल, तर फोटो असे काढा : डोक्याची एक बाजू जवळून, तुरा आणि डोळा दिसेल असा. मिटलेला पंख बाजूनं. उभा असताना पाय. सोबत लांडोर असेल तर तिचाही, कारण तिच्यावरून जास्त कळतं. तारीख लिहा, सोबत किती पक्षी होते ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच ओढ्यात फिकी पिल्लं दिसली का, तेही लिहून ठेवा. डार्विनला इंग्लंडातल्या बागांमधून अशाच नोंदी मिळाल्या होत्या, आपल्याला रानातल्या मिळतील, आणि त्या जास्त मोलाच्या.

फोटो मला खाजगीत पाठवा, उघड्या ग्रुपवर नको. गावाचं आणि ओढ्याचं नाव तर अजिबात टाकू नका. पांढरी लांडोर कुठं रात्रीला बसते हे कळलं की ती आठवडाभर टिकत नाही. आपल्या बीटच्या वनरक्षकाला मात्र जरूर सांगा, किंवा वन विभागाच्या १९२६ वर कळवा. आणि कुणी 'हायब्रीड मोराची पिल्लं' विकायला आलं तर त्याचा मेसेज पुसू नका, नंबरासकट जपून ठेवा, तो पण त्यांनाच द्या.